हजेरीपटाबाहेरची फुफ्फुसे

मृगापूर्वीचा पंधरवडा हा वर्धा जिल्ह्यात छपरांचा पंधरवडा असतो. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी अशा बाजाराच्या गावांतून राखाडी, नागमोडी पत्र्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या खेड्यांकडे निघू लागतात. वैशाखातील वावटळीने उडवलेले पत्रे बदलायचे असतात, वानरांच्या उड्यांनी तडकलेल्या जागा झाकायच्या असतात. कोठे नवा गोठा उभा राहत असतो, तर कोठे कापूस भरून ठेवण्याच्या खोलीवर आच्छादन घालायचे असते. पहिल्या पावसाच्या आत हे सारे उरकले पाहिजे, म्हणून मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोरसवदा मजूर भर उन्हात लोखंडी कैच्यांवर चढलेले दिसतात. पत्रा लांब भरला तर तो विजेच्या कटरने कापावयाचा, आकड्यांसाठी त्याला ड्रिलने भोके पाडावयाची, हा कामाचा नित्याचा क्रम. प्रत्येक कापणीबरोबर पांढुरकी भुकटी उडते, पापण्यांवर आणि घामेजल्या मानेवर बसते आणि दुपारच्या भाकरीपूर्वी दुपट्ट्याने झटकली जाते. त्या झटकण्यात तिचा काही अंश पुन्हा श्वासावाटे आत जातो, याचा विचार तेथे कोणी करीत नाही. करावा, असे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते.

बाजारात या वस्तूला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. हे नाव खोटे नाही, पण अपुरे आहे. पत्र्यात बहुतांश भाग सिमेंटचा आणि औष्णिक वीजकेंद्रांतून मिळणाऱ्या राखेचा असतो हे खरे. तथापि इतका पातळ असूनही तो मोडत नाही, याचे श्रेय वजनाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतक्या एका खनिज तंतूला आहे. तो तंतू म्हणजे ॲस्बेस्टॉस. खडकातून निघणारा आणि तरीही पिंजता, कातता, विणता येणारा हा पदार्थ. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील वाचकांना या वर्णनातील नवल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता पुढे जाऊ देत नाही. वाफेच्या बॉयलरवरील लेपापासून मोटारींच्या ब्रेक-लायनरपर्यंत आणि नळांच्या सांध्यांपासून नाट्यगृहांच्या पडद्यांपर्यंत विसाव्या शतकाने त्याला जागोजागी वापरले ते याच गुणांमुळे.

न कुजण्याचा हा गुण माणसाच्या छातीत गेला की दुर्गुण ठरतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू श्वासनलिकेच्या शेवटच्या फाट्यांपर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात. पण लांब तंतू त्यांना गिळता येत नाही आणि पचवता तर मुळीच येत नाही. त्या झटापटीतून वर्षानुवर्षे दाह होत राहतो. काहींच्या फुफ्फुसांत त्यामुळे व्रणासारखे कठीण धागे तयार होतात आणि श्वास आखूड होत जातो. त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. काहींना फुफ्फुसाचा कर्करोग होतो. काहींच्या बाबतीत फुफ्फुसाच्या वा उदराच्या अस्तराचा मेसोथेलियोमा हा कर्करोग होतो, ज्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, म्हणजे निळे, तपकिरी आणि आपल्या पत्र्यांत असते ते पांढरेसुद्धा, मनुष्यात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहेत.

वर्धा जिल्ह्याला धुळीचा रोग नवा नाही. जिनिंगच्या आवारात आणि हिंगणघाट-पुलगावच्या कापडगिरण्यांत रुईच्या धुळीने छाती भरून येणे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतलेल्या कामगाराचा पहिल्याच दिवशी श्वास कोंडावा, ही त्या रोगाची ओळखीची खूण होय. कामगाराला कारण कळते, मुकादमाला कळते, कायद्यालाही कळते. ॲस्बेस्टॉसची रीत अगदी उलट आहे. तो आज घसाही खवखवू देत नाही. तंतू छातीत गेल्यापासून कर्करोग उमटेपर्यंत सर्वसाधारणपणे वीस ते चाळीस वर्षे जातात. विशीत पत्रे कापणारा मनुष्य पन्नाशी-साठीत आजारी पडतो. तोवर त्याने चार व्यवसाय बदललेले असतात, ज्या घरांवर तो चढला ती घरे पडलेली असतात आणि ज्या ठेकेदाराने त्याला चढवले तो हयात असेलच असे नाही. कार्य आणि कारण यांच्यात एवढे अंतर पडले की उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न वैद्यकाच्या हातून निसटतो आणि कागदपत्रांच्या हाती जातो. या रोगाचे सारे अर्थकारण या एका गोष्टीत सामावलेले आहे.

विज्ञानाने मात्र आपले काम फार पूर्वीच केले होते. ब्रिटनमध्ये सरकारी वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांनी १९३० साली आपला अहवाल सादर केला. त्यांनी तपासलेल्या ३६३ ॲस्बेस्टॉस कामगारांपैकी ९५ जणांची फुफ्फुसे कठीण झालेली होती. म्हणजे चौघांत एकाहून थोडे अधिक. दुसऱ्याच वर्षी तेथे नियम झाले. पुढे १९५५मध्ये रिचर्ड डॉल यांनी रॉचडेल येथील टर्नर समूहाच्या कारखान्यातील वीस वा अधिक वर्षे काम केलेल्या ११३ पुरुषांचा हिशेब मांडला. सामान्य लोकसंख्येच्या मानाने त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने एकही पुरता मृत्यू अपेक्षित नव्हता. प्रत्यक्षात अकरा झाले होते. हा निबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून कंपनीने खटपट केली, हे नंतर उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. १९६०मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांतातून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलियोमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांत खाणीत कधी पाऊल न टाकलेले, केवळ खाणींच्या परिसरात राहिलेले लोकही होते.

अमेरिकेतील उष्णतारोधक लेप बसवणाऱ्या कामगारांविषयी हॅमंड, सेलिकॉफ आणि सीडमन यांनी १९७९मध्ये दिलेले आकडे विदर्भातील वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत. धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाचा फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका एक मानला, तर केवळ ॲस्बेस्टॉसशी संबंध असलेल्याचा तो सुमारे पाच पट, केवळ धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे अकरा पट आणि दोन्ही करणाऱ्याचा सुमारे त्रेपन्न पट निघाला. पाच आणि अकरा यांची बेरीज सोळा होते. येथे बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. कैचीवर चढण्यापूर्वी बिडी शिलगावणाऱ्या मजुराची गणना कोणत्या रकान्यात होईल, हे सांगावयास नको. पण तो आजारी पडला की त्याचे बिडीचे बंडल सर्वांना दिसते आणि पत्रा कोणालाच आठवत नाही.

रॉचडेलच्या त्याच समूहाचा ब्रेक-लायनर बनवणारा सहयोगी कारखाना, हिंदुस्थान फेरोडो, पुढे मुंबईत घाटकोपरला उभा राहिला. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे कारखाने मुलुंडपासून देशभर पसरले. महाराष्ट्राला हा रोग माहीत झाला तो मुंबईच्या कामगारांमुळे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांना, ॲस्बेस्टॉसिस झालेला आढळला. मेरेवेदर-प्राइस यांच्या अहवालाला तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती आणि प्रमाण जवळपास तेच होते. तंत्रज्ञान सागर ओलांडून आले. त्याबरोबर यावयास हवे होते ते ज्ञान मात्र मागे राहिले, किंवा असे म्हणावे की ते आणण्याचा खर्च कोणी केला नाही.

तरीसुद्धा मुंबईच्या त्या ४१ जणांना एक गोष्ट लाभली होती, जिचे मोल नंतर कळते. ते एका छपराखाली काम करीत होते. त्यांची नावे हजेरीपटावर होती, पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, कामगार विमा योजनेचे क्रमांक होते, संघटना होती आणि त्यांच्या कामाविषयी विचारणारे डॉक्टर त्यांना भेटले. कोण किती वर्षे कोणत्या खात्यात होता, हे दाखवता येत होते. रोग सिद्ध करण्यासाठी क्ष-किरण चित्र लागते हे खरे. पण रोग कामामुळेच झाला हे सिद्ध करण्यासाठी त्याहून अधिक आवश्यक असते ते कामाचा पुरावा देणारे कागद.

सर्वोच्च न्यायालयाने हे नेमके ओळखले होते. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल देताना न्यायालयाने कामगाराचे आरोग्य आणि वैद्यकीय मदत हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले. या निकालातील तत्त्वचिंतन विधीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु त्यातील एक रुक्ष वाटणारा आदेश अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद त्याच्या नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ पुढे संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असा तो आदेश. रोग चाळीस वर्षे दबा धरून बसत असेल तर नोंदवहीनेही चाळीस वर्षे जागे राहिले पाहिजे, हा त्यामागील विचार. त्याच निकालाने कामगारांच्या विम्याचीही सक्ती केली.

आता ही नोंदवही आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील पत्रे ठोकणाऱ्याकडे नेऊन पाहावी. त्याच्याकडे नोंदवही नाही, कारण त्याला मालक नाही. अधिक अचूक सांगावयाचे तर त्याला दर चार दिवसांनी नवा मालक असतो. आज एका कास्तकाराचा गोठा, परवा कोणाची पिठाची गिरणी, पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या ठेकेदाराकडे एखादी शेड. दिवाळीनंतर तोच मनुष्य कापूस वेचण्याच्या किंवा सोयाबीन काढण्याच्या मजुरीवर असतो. अशा माणसाचे काम कोणत्याही कारखान्याच्या दारातून आत जात नाही, आणि भारतीय कामगार कायद्याची नजर प्रामुख्याने त्या दारावरच खिळलेली राहिली आहे.

नुकसानभरपाईचा कायदा घेऊन पाहा. १९२३च्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, तिच्या दुसऱ्या भागात, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलियोमा यांना व्यवसायजन्य रोग म्हणून स्थान मिळाले. म्हणजे तत्त्व मान्य झाले. पण त्या भागातील रोगांसाठी अट अशी की कामगाराने एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने त्या प्रकारचे काम केलेले असावे. अन्य मालकाकडील काळ त्यात धरावयाचा नाही. वीस वर्षांत दोनशे मालकांकडे काम केलेल्या माणसाची छाती कितीही भरलेली असो, त्याचा कोणताही एक मालक सहा महिन्यांचा नसतो. अनुसूचीत त्याचा रोग आहे. तो स्वतः नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६मध्ये वेगळा कायदा झाला आणि राज्यात कल्याणकारी मंडळ आले. वर्षाकाठी नव्वद दिवस बांधकामावर असल्याचे प्रमाणपत्र मिळवून नाव नोंदवले की अनेक लाभ मिळतात. ही योजना वाईट नाही, आणि सुरक्षा संच वा भांड्यांचा संच घेण्यासाठी लागणाऱ्या रांगांची थट्टा करणेही योग्य नव्हे. गरीब कुटुंबाला त्या वस्तूंचे मोल असते. परंतु नोंदणीची वयोमर्यादा अठरा ते साठ आहे. ज्या रोगाला प्रकट व्हावयास तीस-चाळीस वर्षे लागतात, त्याच्या दृष्टीने ही मर्यादा म्हणजे ऐन घटका भरताच मिटणारी छत्री होय. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर उंचीवरून पडणारा, विटेखाली सापडणारा, आज जखमी होणारा मजूर होता. सावकाश मरणारा मजूर त्यांच्यासमोर नव्हता.

नोव्हेंबर २०२५मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४८चा कारखाने अधिनियम, १९२३चा भरपाई अधिनियम, १९९६चा बांधकाम कामगार अधिनियम हे सारे त्यांत विलीन झाले. संहितांनी असंघटित कामगाराचा नामोल्लेख केला, हे त्यांचे पुढचे पाऊल. मात्र विजेवर चालणाऱ्या उद्योगाला ‘कारखाना’ ठरवण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. जिल्ह्यातील छोटी गॅरेजे, पत्र्यांच्या शेड उभारणारे फॅब्रिकेशनवाले, जुन्या ट्रकांच्या ब्रेकच्या ड्रममधील काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणारे मेकॅनिक, यांतील बहुतेक जण दहाच्याही आत होते. वीसची रेषा त्यांना आणखी दूर ठेवते.

मग हे रुग्ण दिसतात तरी कोठे? ते सेवाग्रामला आणि सावंगीला दिसतात, पण निराळ्या नावाने. महिनाभराचा खोकला, घटलेले वजन, छातीत दुखणे अशी तक्रार घेऊन आलेल्या साठीच्या मजुराकडे पाहून या देशात प्रथम क्षयाचा संशय घेतला जातो, आणि क्षयाचे प्रमाण पाहता तो घेणे रास्तही आहे. काही महिने क्षयाची औषधे खाल्ल्यावर खरा रोग कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो. कर्करोगाचे निदान झाल्यावर तंबाखूचा प्रश्न येतो. बिडी आणि खर्ऱ्याच्या या प्रदेशात त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी मिळते आणि चौकशी तेथेच थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्बेस्टॉसने झालेली फुफ्फुसाची गाठ आणि तंबाखूने झालेली गाठ यांत फरक दिसत नाही. म्हणूनच १९९७मध्ये हेलसिंकी येथे जमलेल्या तज्ज्ञांनी अशा निदानासाठी कामाच्या पूर्वेतिहासाला मोठे महत्त्व दिले. रुग्णाने कोठे, कोणते आणि किती वर्षे काम केले, हे विचारावे लागते. गाठ ते सांगत नाही.

या बाबतीत वर्धा जिल्ह्याचे एक भाग्य असे की, देशातील बहुसंख्य जिल्ह्यांकडे नसलेले साधन त्याच्यापाशी आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाखाली संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्याधारित नोंदणी चालते. जिल्ह्यातील रहिवाशाला कर्करोग झाला की तो कोठेही उपचार घेवो, त्याची गणना व्हावी, असा तिचा हेतू असतो. १९६९मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला गावांशी बांधून राहण्याची परंपराही आहे. गावकऱ्यांकडून जवारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवण्याचा प्रयोग तिने केला, त्याचा अभ्यास दूरदूरच्या लोकांनी केला. अशा जिल्ह्यात कोणत्या वयाच्या किती पुरुषांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला, याचे उत्तर मिळू शकते. त्यांतील किती जण आयुष्यात छपरावर चढले होते, याचे उत्तर मात्र नोंदणी आपण होऊन देऊ शकणार नाही. त्यासाठी प्रश्न विचारणारा मनुष्य लागेल.

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. सिमेंटचा पत्रा स्वस्त आहे म्हणून तो विकला जातो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. तो टिनासारखा गंजत नाही, पावसात टिनाएवढा आवाज करीत नाही, स्लॅबच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असतो. ज्याला डोक्यावर पहिले पक्के छप्पर मिळत आहे, त्याला कर्करोगाची भीती घालणे ही पोटभरल्या माणसाची चैन आहे, असा आक्षेप उत्पादक घेतात. आणि त्या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला असतो, अखंड पत्र्याखाली राहणाऱ्याला त्यापासून फारसे भय नाही, हे त्यांचे म्हणणेही बऱ्याच अंशी खरे आहे. पण पत्रा कारखान्यातून निघून छपरावर निमूटपणे पडून राहतो, असे हे म्हणणे गृहीत धरते. वस्तुतः तो कापला जातो, भोके पाडून बसवला जातो, उन्हापावसाने त्याचा पृष्ठभाग झिजतो, एके दिवशी फुटतो आणि कोणाला तरी तो काढावा लागतो. बांधलेला तंतू या प्रत्येक प्रसंगी सुटतो, आणि दर वेळी त्याच्याजवळ असणारा मनुष्य एकाच वर्गातला असतो.

त्या माणसाच्या आजाराचा खर्च पत्र्याच्या किमतीत नाही. तो कोठे जातो? काही भाग कुटुंब सोसते. जनावर विकून, शेत गहाण ठेवून, मुलाचे शिक्षण थांबवून. काही भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून सरकारी तिजोरी सोसते, म्हणजे करदाता सोसतो. उत्पादकाच्या ताळेबंदात त्याची ओळही नसते. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर १९५०मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात व्यवसायजन्य रोगांचा विचार याच दृष्टीने केला होता. मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा आयुष्यभर हेच सांगत होते की, वस्तूवर लिहिलेली पैशातील किंमत हा तिचा खरा हिशेब नसतो आणि ती ज्या स्थितीत बनली त्या स्थितीचा भागीदार ग्राहकही असतो. स्वस्त पत्रा वास्तविक स्वस्त नाही. त्याच्या किमतीचा एक हप्ता चाळीस वर्षांनी फेडावयाचा असतो, आणि तो फेडतो पत्रा विकत घेणाऱ्याहून वेगळाच कोणी.

पर्याय नव्हते किंवा नाहीत असेही नाही. याच भागातील घरे पूर्वी कवेलूंची होती. गावचा कुंभार ती भाजी, दर उन्हाळ्यात शाकारणी होई. ते छप्पर गेले त्याला कारणे होती: लाकूड महाग झाले, वानरांनी उच्छाद मांडला, शाकारणी करणारे हात मिळेनासे झाले. ही कारणे स्मरणरंजनाने दूर होत नाहीत. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने एकात एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची, लाकूड वा लोखंड न लागणारी कमानदार छपरे तयार करून दाखवली. ती सर्वत्र पसरली नाहीत. पत्र्यामागे जशी विक्रेत्यांची साखळी, उधारी आणि जाहिरात असते, तशी कवेलूमागे कोणीच नव्हते. शिवाय ॲस्बेस्टॉसऐवजी अन्य तंतू वापरून बनवलेले सिमेंटचे पत्रेही आज मिळतात. त्यांचा भाव चढा असतो, एवढेच. चढ्या भावाचे ओझे घर बांधणाऱ्यावर टाकावे की ॲस्बेस्टॉसवर कर बसवून दोन्ही भाव जवळ आणावेत, हा निर्णय दिल्लीत व्हावयाचा आहे.

दिल्लीचे धोरण मात्र याबाबत चमत्कारिक राहिले आहे. ॲस्बेस्टॉसच्या खाणींसाठी नवे पट्टे देणे भारताने १९८६मध्ये थांबवले. म्हणजे ते जमिनीतून काढणे घातक आहे हे सरकारला मान्य आहे. परंतु रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून ते आयात करण्यास आडकाठी नाही, आणि गेल्या दशकात बहुतेक वर्षी तीन लाख टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस देशात आले. ब्रिटनने १९९९मध्ये, युरोपीय संघाने २००५पर्यंत त्यावर बंदी घातली. एकेकाळी आपल्याला ते पुरवणाऱ्या कॅनडाने २०१८मध्ये बंदी केली. तेथील ज्या गावाचे नावच ॲस्बेस्टॉस होते त्याने २०२०मध्ये ते नाव टाकून दिले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये देशांतर्गत वापर बंद केला, पण गोयास राज्याने निर्यातीसाठी खाण चालू ठेवण्याचा कायदा करून घेतला. ज्या तंतूचा वापर ब्राझीलच्या छपरावर निषिद्ध ठरला, त्याला भारताच्या छपरावर मज्जाव नाही. १९८६च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ॲस्बेस्टॉसविषयक करारालाही भारताने संमती दिलेली नाही.

दिल्लीचा निर्णय होईल तेव्हा होवो. जिल्ह्याच्या हातात असलेल्या गोष्टी निराळ्या आहेत आणि त्यांना कायदा बदलावा लागत नाही. पत्रा कटरने न कापता पाणी मारून हातकरवतीने कापला तर धूळ कितीतरी कमी उडते. हे मिस्त्रींना शिकवणे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना अवघड नाही. पत्र्यावर छापलेला इशारा इंग्रजीत बारीक अक्षरांत असण्याऐवजी तो विकणाऱ्या दुकानात मराठीत टांगलेला असू शकतो. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांत छातीच्या प्रत्येक रुग्णाला तंबाखूइतक्याच सहजपणे ‘आयुष्यभर कोणकोणते काम केले’ हे विचारले गेले आणि ते केसपेपरावर लिहिले गेले, तर दहा-पंधरा वर्षांत या जिल्ह्यापाशी असा पुरावा जमेल की जो आज देशात फार थोड्या ठिकाणी असेल. तो मजूर हजेरीपटावर नव्हता. त्याची पहिली नोंद निदान केसपेपरावर तरी होईल.

यांतील निकड वाढली आहे ती जुन्या पत्र्यांमुळे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी शाळाखोल्यांवर, सरकारी गोदामांवर, जिनिंगच्या शेडांवर आणि गोठ्यांवर घातलेले पत्रे आता झिजून उतरवले जात आहेत. बसवताना एक-दोन ठिकाणी कापलेला पत्रा उतरवताना वरून खाली फेकला जातो आणि त्याचे वीस तुकडे होतात. पाश्चात्त्य देशांत हे काम अंगभर पोशाख आणि श्वसनयंत्र घालून, पत्रा ओला करून, अखंड उतरवून, गुंडाळून केले जाते. येथे ते रोजंदारीवर होते, आणि उरलेले तुकडे गोठ्यासमोरच्या चिखलात भराव म्हणून पसरले जातात, जेथे पुढचा सारा पावसाळा बैलांचे खूर आणि पोरांचे पाय त्यांना बारीक करीत राहतात.